कोकिळाबाईंचा जबडा

"विचारलं तर सांगायचं, पोर सोन्यासारखी हाये. बस. त्याच्यापुढं एक अक्षर नोको!"

"आणि सोनं झोपेत दात खातं, ते कोणी सांगायचं? सोनारानं?"

"हळू बोल ना, कोकिये! खिडकी उघडी हाये."

"राहू द्या उघडी. सावद्याला माझं तोंड बंद केलं होतं तुम्ही, अक्का. इथली खिडकी तरी उघडी राहू द्या."

"आता ते कायले काढती? पोरीच्या लग्नाचा विषय हाये."

"विषय तोच आहे. तेव्हाही दातांचाच होता."

अंगणात, पत्र्याच्या सावलीत, चुलीवर उपडं ठेवलेलं खापर तापून धूर धरत होतं. कोकिळाबाईंच्या दोन्ही हातांवर मांडा होता. पुरण भरलेला उंडा त्यांनी या हातावरून त्या हातावर टाकत टाकत कोपरापर्यंत वाढवला होता. आता तो इतका पातळ झाला होता की त्यातून बांगड्या दिसत होत्या. समोर पाटावर मोठ्या जाऊबाई, यशोदाबाई. सकाळच्या गाडीनं सावद्याहून आलेल्या, मांडीवर केळीच्या वेफर्सची पिशवी, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं.

"पाच मिनिटांत काय ते ठरव," यशोदाबाई म्हणाल्या. "वच्छलाबाई येतीलच चौकशीला."

"मी कधीच ठरवलंय. एक वाक्य. वच्छलाबाईंच्या तोंडावर म्हणायचं, कोकिळाच्या दातांनी आबा गेले नाहीत. एवढं म्हणा, दिपमालाच्या दातांबद्दल मी ब्र काढणार नाही."

"मी काबरं म्हनू? इतक्या वर्षांनी? लोक काय म्हनतीन?"

"लोक काय म्हणतात ते मी तीस वर्षं ऐकलं. आता तुमची पाळी."

"जीव गेला तरी म्हननार नाही!"

"नका म्हणू."

मांडा खापरावर पडला. चर्र झालं. कोकिळाबाईंनी कडा नुसत्या बोटांनी सारख्या केल्या, चटका बसला तरी हात मागे घेतला नाही.

आतल्या खोलीत प्रेमराजभाऊ, कोकिळाबाईंचे यजमान, पेपर वाचत होते. पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर पेपरच वाचत. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "कोकिळा, पोरीला मध्ये नको घेऊ बरं का."

"तुम्ही तेव्हा मध्ये आला नव्हतात," कोकिळाबाई म्हणाल्या, "आताही येऊ नका."

पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

*

कोकिळा एरंडोलची. लग्न होऊन सावद्याला आली तेव्हा वीस वर्षांची होती. घर केळीवाल्यांचं, माणसांनी भरलेलं. सासू आधीच गेलेली, त्यामुळे किल्ल्या कमरेला मोठ्या सुनेच्या, म्हणजे यशोदाबाईंच्या. सासरे कौतिक आबा ओसरीवर झोपत. बायका माजघरात.

लग्नाला पंधरवडाही झाला नसेल, एका सकाळी यशोदाबाईंनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हटलं, "कोकिये, तू दात खाती झोपेत. रात्रभर करकर करकर. घरात दात खानारी बाई चांगली नसती. ती मानसं खाती."

कोकिळा हसली. तिला वाटलं, नव्या नवरीची थट्टा. एरंडोलला आई म्हणायची, आमची कोकिळा झोपली की उंदरानं कान कुरतडला तरी उठणार नाही. दातांचं कधी कोणी बोललं नव्हतं.

पण ती थट्टा नव्हती. त्याच रात्री यशोदाबाईंनी एका जुन्या पांढऱ्या पातळाचा पट्टा फाडला, कोकिळाच्या हनुवटीखालून घेतला आणि डोक्यावर गाठ मारली. "सवय होईन," म्हणाल्या. जांभई देता येईना, खोकता येईना, पाणी मागता येईना. सकाळी यशोदाबाई म्हणाल्या, "कालही आला आवाज." दुसऱ्या रात्री गाठ आणखी आवळली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. "गाठ बांधली तरी खाती, काय जबडा म्हनावा का अडकित्ता!" घरातली पोरं तिला अडकित्ता म्हणायला लागली.

प्रेमराजला तिनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, "वहिनी मोठी आहे. थोडे दिवस."

त्या पावसाळ्यात कौतिक आबा गेले. दुपारी जेवले, ओसरीवर आडवे झाले, उठलेच नाहीत. भरल्या घरात रडारड, आणि त्या रडारडीतून यशोदाबाईंचा आवाज वर निघाला, "सांगतलं होतं ना मी! दात खाऊन खाऊन सासरा खाल्ला हिनं!"

प्रेताचा जबडा उघडा पडू नये म्हणून बांधावा लागतो. फडकं शोधायला कोणाला वेळ नव्हता. यशोदाबाई माजघरात गेल्या, कोकिळाच्या उशाखालचा पट्टा काढून आणला आणि आबांच्या हनुवटीला बांधला. आबा त्या पट्ट्यासकट गेले. तेराव्यानंतर यशोदाबाईंनी त्याच पांढऱ्या पातळाचा दुसरा पट्टा फाडला आणि कोकिळासमोर धरला.

"बस खाली," म्हणाल्या.

कोकिळा बसली. त्या बसण्याचा राग तिला यशोदाबाईंपेक्षाही स्वतःचा जास्त आला, आणि तो राग ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो जबड्यात गेला. त्या रात्रीपासून मात्र ती खरोखर दात खायला लागली. रात्री गाठीच्या आत आणि दिवसा गाठीशिवाय. केळीचे घड धुताना दात दाबलेले, धुणं पिळताना दाबलेले, पंगतीत हसताना दाबलेले.

बातमी एरंडोलला पोहोचायला वेळ लागला नाही. "तुमच्या कोकिळानं सासरा खाल्ला म्हणे." आई पाणवठ्यावर जायची बंद झाली. एकदा कोकिळा माहेरी गेली तेव्हा आईनं तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "खरं सांग पोरी, खातेस का गं?" कोकिळाला काय उत्तर द्यावं ते कळेना, कारण तोवर ती खातच होती. आई त्याच वर्षी गेली, तो प्रश्न तसाच ठेवून.

प्रेमराजला जळगावला कारखान्यात नोकरी लागली आणि सावदा सुटलं. फडकं सुटलं. जबडा सुटला नाही.

*

जळगावात कोकिळाबाईंचं नाव झालं ते मांड्यांनी. खापरावरचा मांडा ज्याला त्याला जमत नाही. हात मऊ लागतो, दंड मजबूत लागतो आणि मन आणखी कुठे चालत नाही. लग्नघरं, आखाजीचा सण, साखरपुडे. कोकिळाबाई आल्या की नव्या सुना मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला उभ्या. कोणीतरी म्हणायचंच, "काकू, मांडा फिरवताना तुमच्या गालावर ही गाठ कशी येते हो?" गाठ खरंच येई. दोन्ही कानांखाली, लिंबाएवढी. कोकिळाबाई दात दाबून मांडा वाढवत. खापरावर टाकताना त्या मनात नेहमी एकच नाव घेत. देवाचं नव्हे.

सकाळी उठलं की कानशिलं ठणकत. भाकरीचा घास लावला की कानाजवळ कट्ट. दात झिजून सपाट झालेले, एका दाढेचा तुकडा पडलेला. शेवटी दिपमाला त्यांना ओढून दवाखान्यात घेऊन गेली.

दिपमाला ही यशोदाबाईंची धाकटी लेक. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात लागली आणि काकूकडे राहायला आली. यशोदाबाईंचा जीव काही तिला इथे ठेवायला धजत नव्हता, पण जळगावात दुसरं फुकटचं घर नव्हतं. कोकिळाबाईंनी पहिल्या दिवशी पोरीला ताट वाढलं ते दात दाबूनच. पण पोर गोड निघाली. जेवण झालं की स्वतःचं ताट घासायची, काकूच्या पायाला तेल लावायची, आणि झोपेत दात खायची. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा कोकिळाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या होत्या. भुईमुगाच्या शेंगा कोणी चिरडाव्यात तसा आवाज. त्यांना वाटलं, हा माझा आवाज, भिंतीपलीकडे गेला कसा?

दाताच्या डॉक्टर प्रज्ञा. वय फार नाही, चष्मा कपाळावर, हात गार.

"चावा," त्या कोकिळाबाईंच्या गालांवर बोटं ठेवून म्हणाल्या. "जोरात. अरे बाप रे. काकू, हा गाल नाहीये, हा वरवंटा आहे. किती वर्षांपासून?"

"लग्नापासून."

"त्याआधी? लहानपणी?"

"आई तरी कधी काही म्हटली नाही."

"आणि दिवसा चावता?"

"दिवसा कोणाला चावू?"

डॉक्टर हसल्या. आधी त्यांनी रात्री दातांवर बसवायचं प्लास्टिकचं आवरण करून दिलं. कोकिळाबाईंनी ते हिवाळा संपायच्या आत चावून दुभंगलं आणि दोन्ही तुकडे कागदात बांधून परत नेले.

"एवढं काय चावता हो काकू?"

"जाऊबाईला."

डॉक्टर यावेळी हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "एक इंजेक्शन आहे. या चावायच्या स्नायूत द्यायचं, दोन्ही बाजूंना, थोडं थोडं. स्नायू सैल पडतो. दात मग एवढ्या जोरानं एकमेकांवर बसत नाहीत. दुखणं कमी होतं, दात वाचतात. बोटॉक्स म्हणतात त्याला."

"ते सिनेमातल्या बायका तोंडाला टोचून घेतात, ते?"

"तेच. त्या कपाळाला घेतात, तुम्हाला जबड्याला."

"मग मी सुंदर दिसेन का?"

"गाल थोडे उतरतील."

"बरंय. जाऊबाईला दाखवता येईल." मग त्या थांबल्या. "डॉक्टर, यानं राग जातो का?"

"नाही हो. मी फक्त स्नायू सैल करते. रागाचं औषध माझ्याकडे नाही."

"नक्की ना? राग जायला नको."

"नक्की. आणि हे कायमचं नाही बरं का. तीन-चार महिन्यांनी उतरतं, मग पुन्हा घ्यावं लागतं. सुरुवातीला कडक काही चावताना जबडा दमल्यासारखं वाटेल. कळण्याची भाकरी थोडे दिवस दुधात कुस्करून खा."

"मग टोचा," कोकिळाबाई म्हणाल्या आणि डोळे उघडे ठेवून सुया घेतल्या. दिपमालानंच तोंड फिरवलं.

"तूही दाखवून घे गं," कोकिळाबाई बाहेर येताना म्हणाल्या.

"मला काय झालंय?" दिपमाला म्हणाली, जरा जास्तच पटकन.

आठवडा गेला, काही नाही. मग एका सकाळी कोकिळाबाई जाग्या झाल्या आणि त्यांना वाटलं, घरातलं काहीतरी बंद पडलंय. फ्रिज? पंखा? मग कळलं, कानशिलं बंद पडली होती. ठणका नव्हता. ओठ मिटलेले, आणि आत दात एकमेकांना शिवत नव्हते. त्या दिवशी एका साखरपुड्याचे मांडे होते. पहिला उंडा हातावर घेतला, सवयीनं दात दाबायला गेल्या, तर जबडा अर्ध्यातच राहिला. मांडा तरीही झाला. पहिल्यापेक्षा पातळ झाला.

पण डॉक्टरांचं खरं होतं, राग गेला नाही. जबड्यानं त्याला जागा नाकारली, म्हणून तो जिभेकडे सरकला. भाजीवाल्याला ऐकवलं. गल्लीत फटफटी वर-खाली करणाऱ्याला ऐकवलं. प्रेमराजभाऊंना तर एका जेवणात सगळं लग्न ऐकवलं, ते घास हातात धरून बसून राहिले. आणि त्याच आठवड्यात बातमी आली की दिपमालाला स्थळ आलंय. एरंडोलचं. वच्छलाबाईंचा मुलगा. वच्छलाबाई म्हणजे कोकिळाबाईंच्या माहेरच्या गल्लीतल्या, दोन घरं सोडून.

पाहणं सावद्याला झालं, पसंती झाली, आणि पुढची पायरी चौकशीची. सुपारी फुटायच्या आधी मुलाकडची एक जाणती बाई एकटीच जाऊन पोरीची विचारपूस करते, आणि ती विचारपूस पोरीच्या आईबापांजवळ कधीच करत नाही. दोन्ही गावांचं मीठ खाल्लेली बाई शोधायची आणि तिला विचारायचं. तिनं सांगितलं ते खरं धरायचं. एरंडोलची लेक, सावद्याची सून, आणि पोर तिच्याच घरात राहणारी. वच्छलाबाईंना दुसरीकडे जायचं कारणच नव्हतं.

कोकिळाबाईंना निरोप मिळाला तेव्हा त्या चुलीपाशीच बसून राहिल्या. एरंडोलला बातमी ज्या रस्त्यानं गेली होती, तोच रस्ता आता आपल्या पायांनी त्यांच्या अंगणात येत होता.

*

वच्छलाबाई रिक्षातून उतरल्या त्या उन्हाला शिव्या देतच. पायरीवर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायल्या, मग आत आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात आंब्यांची पिशवी. यशोदाबाईंना पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मुलीची आई चौकशीला हजर असते, असं कुठे असतं?

"मी सहजच आली होती," यशोदाबाई घाईनं म्हणाल्या. "वेफर घेऊन."

"बरं बरं. बसा ना, तुम्हना बी घर शे."

दिपमालानं ताट आणून ठेवलं. घडी घातलेला मांडा, वाटीत आमरस, वर तूप. वच्छलाबाईंनी ताट हातानं जरासं दूर सारलं.

"आधी उत्तर, मंग मांडा," त्या म्हणाल्या. "गोड खाईसन मानूस गोडच ऐकस. पोरी, तू आत जाय."

दिपमाला आत गेली, म्हणजे दाराच्या पडद्यापर्यंत गेली. प्रेमराजभाऊंनी पेपर उंच धरला.

"सांग कोकिळा," वच्छलाबाई म्हणाल्या. "तू आमना गल्लीनी लेक. तुनावर भरोसा शे. पोर कशी शे?"

यशोदाबाईंनी डोळे मोठे केले. एकदा मोठे केले, एकदा बारीक केले. त्यात धमकी होती आणि विनवणीही होती, आणि कोकिळाबाईंना ती विनवणी पाहून जी गोडी वाटली तशी कुठल्या पुरणात वाटली नव्हती. त्यांनी ती जिभेवर घोळवली. घाई केली नाही.

"पोर कामाची आहे," त्या म्हणाल्या. "उलट बोलत नाही. पगार आईच्या हातात देते. माझ्या पायाला तेल लावते."

यशोदाबाईंचा श्वास सुटला.

"आणि झोपेत दात खाते."

"कोकिये!"

"खाते ते खाते, अक्का. मी एरंडोलच्या बाईला खोटं कसं सांगू? उद्या तिथे गेल्यावर कोणी ऐकलं तर म्हणतील, कोकिळानं फसवलं. आधीच माझं नाव तिथे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

वच्छलाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. ताट होतं तिथेच राहिलं.

"दात खास?" त्या हळूच म्हणाल्या. "हाई जरा... आमना घरमा सासरा शेत म्हातारा. लोके म्हनतस, दात खानारी..."

"माणसं खाते," कोकिळाबाईंनी वाक्य पुरं केलं. "हो, म्हणतात. आमच्या अक्कांना यातलं जास्त कळतं. अक्का, तुम्ही सांगा. दात खाणारी सासरा खाते का?"

कोकिळाबाई मांडी घालून बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर, जसं आखाजीच्या दिवशी झोक्याची दोरी हातात असलेली पोर दुसरीची वाट बघते. झोका पुढं गेला, म्हणजे अक्का 'नाही' म्हणाल्या, तर कोकिळाचं नाव मोकळं होणार होतं. मागं गेला तर लेकीची सुपारी फुटणार नव्हती. यशोदाबाईंना दोन्ही दिसत होतं. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. पडदा हलत होता.

"नाही वो," यशोदाबाई म्हणाल्या.

"मोठ्यानं बोला, अक्का. वच्छलाबाईंना कमी ऐकू येतं."

"मले बराबर ऐकू येस," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नाही म्हनते ना!" यशोदाबाईंचा आवाज एकदम चढला, आणि एकदा चढल्यावर त्यांना तो आवरेना. "दातांनी कोनी मरत नसतं, बाई! आता आमचे सासरे, कौतिक आबा. जन्मभर दात खायचे झोपेत. ओसरीवर झोपायचे तं करकर पार माजघरात यायची, मी लग्न होऊन आली तवापासून ऐकायची. काय झालं? बायको मेली का त्याच्यानं, पोरं मेली का? पिकलं पान होतं, गळलं. आमच्या घरान्याचंच हाये ते. पोरीनं आजाचं घेतलं. रक्तात हाये, त्याच्यात अपशकुन कायचा?"

"मंग," वच्छलाबाई सावकाश म्हणाल्या, "कोकिळानं सासरा खादा, हाई जे आम्ही एरंडोलमा ऐकं, ते खोटं?"

यशोदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"खोटं."

"बठ्ठं खोटं?"

"हो म्हनते ना."

"अरे देवा! आम्ही बठ्ठ्या बाया त्या बिचारीना मायशी बोलूत नही दोन वरीस." वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. मग ताट पुढं ओढलं. "जाऊ द्या. दात खास तं खास. मना नवरा घोरस, तं बठ्ठी गल्ली जागी व्हई जास. त्याले का मी सोडी दिन्हा?" आणि त्यांनी मांड्याचा तुकडा मोडला, रसात बुडवला, तोंडात घातला. सुपारी फुटल्यासारखीच होती.

कोकिळाबाईंनी या घटकेची तीस वर्षं रंगीत तालीम केली होती. या घटकेला आपण काय म्हणायचं, कसं हसायचं, सगळं बसवून ठेवलेलं होतं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. त्यांच्या कानात एकच शब्द फिरत होता. ओसरीवर. करकर पार माजघरात यायची.

पहिल्या रात्री गाठ बांधली, तरी सकाळी आवाज आलाच होता. दुसऱ्या रात्री आवळली, तरी आला. तिसऱ्या रात्रीही आला. येणारच होता. बांधलेलं तोंड दुसरंच होतं. आणि यशोदाबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी त्याआधी कित्येक वर्षं तो आवाज ऐकला होता. घरच्या म्हाताऱ्याला अपशकुनी कोण म्हणणार? नवी नवरी समोर होती.

आईनं विचारलं होतं, खातेस का गं. उत्तर होतं. नाही आई, तेव्हा नव्हते खात. तिथे जाऊन शिकले.

कोकिळाबाईंनी दात दातांवर आणले. म्हणजे आणायला गेल्या. सगळा जोर लावला. जबडा महिन्यापूर्वीच्या सुयांनी सैल पडलेला, तो हलका टेकला आणि थांबला. राग आत शिरायला दार सापडेना.

"अक्का," त्या म्हणाल्या. आवाज इतका शांत निघाला की पेपर खाली आला. "आबांचा आवाज होता, हे तुम्हाला माहीत होतं."

यशोदाबाई वच्छलाबाईंच्या ताटाकडे बघत होत्या.

"मग माझं तोंड कशाला बांधलं?"

वच्छलाबाईंचा हात रसाच्या वाटीत थांबला. "तोंड बांधं? कसं बांधं?"

"प्रेताचं बांधतात तसं," कोकिळाबाई म्हणाल्या. "अक्का, मी तुम्हाला विचारते. कशाला बांधलं?"

पडदा बाजूला झाला. दिपमाला दारात उभी होती, हातात तुपाची वाटी.

"आणि माझं, आई?" ती म्हणाली.

कोकिळाबाई वळल्या. हे त्यांच्या कुठल्याच तालमीत नव्हतं.

"पाहणं झालं त्या रात्री," दिपमाला म्हणाली. ती काकूकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. "वच्छलाबाईंच्या घरच्या बायका मुक्कामी होत्या, म्हणून तू ओढणी घेतलीस आणि माझ्या डोक्यावर गाठ मारलीस. मी म्हटलं, श्वास कोंडतो. तू म्हणालीस, सवय होईल. आत्ता म्हणालीस, त्यात अपशकुन कसला. मग माझं का बांधलंस?"

प्रेमराजभाऊ उठून उभे राहिले होते. उठून काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, पण उभे होते. वच्छलाबाईंनी हातातला तुकडा परत ताटात ठेवला.

कोकिळाबाई उठल्या, दिपमालापाशी गेल्या आणि तिच्या हातातली वाटी काढून घेतली, कारण तूप सांडत होतं. मग तिच्या शेजारी, दारातच उभ्या राहिल्या. आता त्या दारातून दोघी एकाच बाईकडे बघत होत्या.

"बोला ना, अक्का. दोघींनी विचारलंय."

यशोदाबाईंनी वेफर्स काढून रिकामी झालेली पिशवी चार घड्या करून काखेत धरली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, हनुवटीपर्यंत. उठताना गुडघ्यावर हात दिला, कोणी हात पुढे केला नाही.

"वहिनी," प्रेमराजभाऊ म्हणाले, "ऊन उतरू द्या तरी."

त्या खोलीतून अंगणात गेल्या. निवत चाललेल्या खापराच्या बाजूनं गेल्या. अंगणाच्या कडेला काढलेल्या चपलांमधून आपल्या चपला पायानंच शोधल्या, फाटकाची कडी काढली, आणि ते उघडंच टाकून रस्त्याला लागल्या.